दाढ काढायला जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर न्या

प्रश्न: "सासरे ७१ वर्षांचे आहेत, इंदूरला आमच्याकडेच असतात. अठरा वर्षांपासून शुगर आहे, बीपी आहे, चौदा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलाय. खालची डावी दाढ हलते आणि हिरडीतून पू येतो. दंतवैद्यांनी बीपी मोजलं, १७२/९६ निघालं. बोटातून शुगर पाहिली, नाश्त्यानंतर २८६. अँटिबायोटिक लिहून दिलं आणि 'हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग काढू' म्हणून परत पाठवलं. एका दाढेसाठी एवढं खरंच लागतं का? शेजारी म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा आणि काढून टाका."

उत्तर:

गोळी बंद करू नका, हे पहिलं. दंतवैद्यांनी परत पाठवलं ही तुम्हाला टाळाटाळ वाटली असेल, पण काहीही न मोजता चिमटा हातात घेणाऱ्यापेक्षा हे दंतवैद्य बरे. फक्त एक लक्षात असू द्या की पू असताना वाट पाहायला मर्यादा असते. अँटिबायोटिकने पू नाहीसा होत नाही, फार तर पसरायचा थांबतो. त्याला वाट करून द्यावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. म्हणून चिठ्ठीचं काम दोन-तीन दिवसांत उरका, पुढच्या महिन्याच्या तपासणीवर ढकलू नका. मधल्या काळात सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, गिळताना त्रास व्हायला लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर चिठ्ठीची वाट न पाहता त्याच दिवशी एम. वाय. किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. मधुमेह्यात असा संसर्ग एका रात्रीत श्वासनलिकेपर्यंत दाब आणू शकतो.

आता "एवढं खरंच लागतं का" याबद्दल. दंतवैद्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसांत एकही आजार नसलेला आणि एकही गोळी न घेणारा माणूस विरळाच. अडचण आजारापेक्षा आजार सांगण्यात जास्त आहे. "काही आजार?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही, सगळं कंट्रोलमध्ये आहे." गोळी चालू आहे आणि रिपोर्ट बरा आहे, म्हणजे आजार नाही, असा आपल्याकडचा हिशेब. तो माणूस खोटं बोलत नसतो. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. म्हणून मी आजाराच्या नावांवर फारसा विसंबत नाही. घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी टेबलावर उलटी करा, असं सांगतो.

पिशवीत काय सापडतं ते पाहा. तुमच्या सासऱ्यांना रोज रात्री एक कॅप्सूल असेल, आणि विचारलंत तर ती "कोलेस्टेरॉलची" आहे असं ते सांगतील. ते खरंही आहे. पण अँजिओप्लास्टीनंतर दिल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात: ॲटोर्वास्टॅटिन, ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि ७५ मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये रक्त पातळ करणारी दोन औषधं बसलेली आहेत आणि रुग्णाच्या लेखी ती कोलेस्टेरॉलची गोळी. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" या प्रश्नाला तो शांतपणे "नाही" म्हणणार.

दुसरा गट आहे रोज न घेतल्या जाणाऱ्या औषधांचा. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा लावलेलं सलाईन, सहा महिन्यांतून एकदा घेतलेलं इंजेक्शन, रविवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आठवड्याची गोळी. हे कुणाच्या लक्षातच राहत नाही, आणि जबड्याच्या हाडाच्या दृष्टीने हीच औषधं सर्वांत महत्त्वाची. इन्सुलिनलाही पुष्कळ जण औषध म्हणत नाहीत, ते "इंजेक्शन" असतं. दम्याचा पंप, थायरॉईडची गोळी यांचं तेच. आणि गुडघेदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या. त्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली की शरीराची स्वतःची स्टेरॉईड बनवायची सवय मोडते, जखम भरायला उशीर लागतो आणि शुगर का चढते ते कुणालाच कळत नाही.

पिशवी आणताना गोळ्या स्टीलच्या डबीत काढून आणू नका. पांढऱ्या गोळीवर नाव नसतं. पट्टीसकट आणा, आणि पट्टी कापताना नावाचा भाग शेवटपर्यंत राहील असा कापा. जनऔषधीच्या पट्टीवर मूळ औषधाचं नाव ठळक असतं, ते आम्हाला वाचायला सोपं जातं. शिवाय तीन कागद हवेत: अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड (त्यावर तारीख आणि स्टेंटचा प्रकार असतो), गेल्या तीन महिन्यांतला एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आणि क्रिएटिनिन. क्रिएटिनिन यासाठी की दाढ काढल्यावर कोणती दुखण्याची गोळी द्यायची ते मूत्रपिंडावर ठरतं.

आता त्या पाच दिवसांच्या सल्ल्याकडे. तो सल्ला वर्षानुवर्षं खुद्द डॉक्टरही देत आले, म्हणून शेजाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी करणाऱ्या बारीक पेशी, कायमच्या निकामी करतात. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवस. त्यामुळे एक दिवस गोळी चुकवून काहीच साधत नाही, आणि पाच-सात दिवस चुकवली की नव्या, चिकट प्लेटलेट तयार होऊन बसतात. त्यांना स्टेंटची जाळी सापडली तर तिथे गुठळी होते आणि गुठळी म्हणजे हार्ट अटॅक. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त डोळ्यांना दिसतं, बोटाने दाबता येतं, टाका घालून थांबवता येतं. हृदयातल्या गुठळीवर बोट ठेवता येत नाही. एक दाढ काढताना ही दोन्ही औषधं चालू ठेवून रक्त थांबवणं हे साध्या दवाखान्यात जमणारं काम आहे, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

ते कसं करतात, तेही सांगतो, म्हणजे तुमच्या दंतवैद्यांशी बोलता येईल. एका बैठकीत एकच दाढ, फार तर शेजारच्या दोन-तीन. मुळं शक्य तितकी अलगद सोडवायची, हाड कमीत कमी खरवडायचं. खड्ड्यातला सुजलेला, लिबलिबीत मांसल भाग नीट साफ करायचा, कारण नंतर तासन्‌तास झिरपतं ते बहुधा त्याच भागातून. मग खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची घडी, त्यावर आडवा टाका, आणि वर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला गॉजचा बोळा. ट्रॅनेक्सॅमिकची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून १० मि.ली. पाण्यात कालवली की ५ टक्क्यांचं द्रावण होतं, तेवढं पुरतं. बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा आणि दर पाच मिनिटांनी उघडून पाहायचा नाही. पाहिलं की धरलेली गुठळी बोळ्याबरोबर उपटून येते. रक्त थांबलेलं पाहूनच रुग्णाला खुर्चीवरून उठवायचं.

चौदा महिने झालेत, तर आता दोन्ही औषधं लागतात की एकच पुरे, हे हृदयाच्या डॉक्टरांना जरूर विचारा. पण तो प्रश्न हृदयासाठी विचारायचा, दाढेसाठी नाही.

याच्याशी गल्लत होते ती रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या औषधांची. कृत्रिम झडप बसवलेले किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेले रुग्ण ॲसेनोकुमॅरॉल किंवा वॉरफॅरिन घेतात. तिथे दाढ काढण्याच्या आदल्या २४ तासांतला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप; आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ) लागतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना ४ च्या खाली असेल तर औषध न थांबवता काढा म्हणतात. माझी स्वतःची रेघ ३.५ ला आहे. या रुग्णांत खरा घात होतो तो नंतरच्या गोळ्यांनी. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, इतकंच काय, तोंडातल्या बुरशीवर लावायचं मायकोनाझोलचं जेल हेही आयएनआर झपाट्याने चढवतं. दाढ काढताना रक्त छान थांबलेलं असतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हिरडीतून, नाकातून यायला लागतं, ते यामुळे. ॲपिक्साबॅन, डॅबिगाट्रॅन, रिव्हारोक्साबॅन ही नवी औषधं सकाळी घ्यायची की काही तास पुढे ढकलायची, हे ती दिवसातून एकदा आहेत की दोनदा आणि काम किती मोठं आहे यावर ठरतं. ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

शुगरकडे वळतो, कारण तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत मला स्टेंटपेक्षा तिचीच जास्त काळजी आहे. नाश्त्यानंतर २८६ हा आकडा घाबरून जाण्याचा नाही आणि दुर्लक्ष करण्याचाही नाही. पू असला की शुगर चढते, आणि शुगर चढली की पू वाढतो. त्यामुळे "आधी शुगर खाली आणा, मग दाढ काढू" हा हट्ट पुष्कळदा उलटा पडतो. दाढ तोंडात असेपर्यंत ती खाली यायलाच तयार नसते. इम्प्लांट, कॅप, कवळी, साफसफाई या वाट पाहू शकणाऱ्या कामांसाठी एचबीए१सी ८ च्या आसपास यावा म्हणून थांबणं योग्य. पू निघत असलेल्या दाढेसाठी तो नियम लावायचा नाही. तिथे फिजिशियनला फोन करून गोळ्या किंवा इन्सुलिन नीट बसवून घ्यायचं आणि काम उरकायचं. शुगर ३०० च्या पुढे आणि सोबत उलट्या, धाप, सुस्ती असेल तर मात्र आधी हॉस्पिटल.

लोक शुगर चढण्याला भितात. दंतवैद्याच्या खुर्चीत ती उतरण्याचं भय जास्त खरं असतं. सासरे ग्लिमेपिराइड घेत असतील, आणि मेटफॉर्मिनच्या जोडीने ते असण्याची शक्यता बरीच आहे, तर गोळी घेऊन उपाशी राहिलं की शुगर कोसळते. "दाढ काढायची आहे, पोट रिकामं हवं" हा समज पूर्ण भुलीच्या ऑपरेशनचा. इथे जागेवरची भूल असते, तिला पोट भरलेलं चालतं, किंबहुना भरलेलंच हवं. सकाळी ९ ते ११ च्या दरम्यानची वेळ घ्या. नेहमीच्या वेळी नेहमीच्या गोळ्या आणि पोटभर नाश्ता. पोहे खुशाल द्या, फक्त शेजारची जिलेबी तेवढी नको. संकष्टी किंवा एकादशी असेल तर तारीखच बदला. उपास धरून, गोळी घेऊन, दुपारी चारची वेळ, ही चक्कर येऊन पडण्याची खात्रीची कृती आहे.

घाम फुटला, हात थरथरले, माणूस चिडचिडा किंवा गोंधळलेला वाटला, तर भीतीने झालं असेल म्हणून बसून राहायचं नाही. ग्लुकोमीटर लावायचा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायचं, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तरी साखर द्यायची. चढलेल्या शुगरला तीन चमच्यांनी फारसा फरक पडत नाही, उतरलेलीला त्याने जीव वाचतो. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही.

मेडिकलवरून परभारे आणलेल्या गोळ्यांबद्दल इथेच सांगायला हवं. आपल्याकडे, आणि दवा बाजार जवळ असलेल्या शहरात जरा जास्तच, दात दुखला की चिठ्ठीशिवाय दोन गोष्टी आणल्या जातात: केटोरोलॅकची पाण्यात विरघळणारी गोळी आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडी. तुमच्या सासऱ्यांसाठी दोन्ही वाईट. केटोरोलॅक ॲस्पिरिनच्या जोडीने पोटात रक्तस्राव घडवू शकतं, बीपीच्या गोळीचा असर कमी करतं आणि अठरा वर्षांच्या मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर भार टाकतं. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवर काम करण्यापासूनच अडवतं. ऑफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे त्या गटाची औषधं ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची शुगर अचानक पाडू शकतात, आणि दाढेच्या संसर्गावर तो गट पहिल्या पसंतीचाही नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, सहा तासांनी एक, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार नसेल तर हे बहुतेकांना पुरतं. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अँटिबायोटिक म्हणून अमॉक्सिसिलिन ठीक. ॲलर्जी म्हणजे अंगावर पित्त उठणं, चेहरा सुजणं, श्वास लागणं. जुलाब झाले म्हणजे ॲलर्जी नव्हे. ही गफलत एकदा कागदावर चढली की चांगलं औषध जन्मभरासाठी हातचं जातं.

बीपी. १७२/९६ ला दाढ काढता येते. १८०/११० च्या वर असेल तर वाट पाहता येणारी कामं पुढे ढकलतात, आणि तेही पाच-दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजल्यावर. ऑटोतून उतरून, जिना चढून, इंजेक्शनच्या धास्तीने बसलेल्या माणसाचं पहिलं मोजमाप क्वचितच खरं असतं. सकाळची बीपीची गोळी "आज दाताकडे जायचंय" म्हणून टाळू नये. उलट त्या दिवशी ती आवर्जून घ्यावी.

भुलीच्या औषधात ॲड्रेनालिन असतं, म्हणून हृदयाच्या रुग्णाला ते देऊच नये असं काही ठिकाणी सांगतात. हे अर्धवट आहे. हृदयरोग्यासाठी एका बैठकीत ॲड्रेनालिन ०.०४ मिलिग्रॅमच्या (४० मायक्रोग्रॅमच्या) आत ठेवायचं, हा रुळलेला हिशेब. १:८०,००० च्या लिग्नोकेनमध्ये (हेच ते भुलीचं औषध) एका मि.ली.ला १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनालिन, म्हणजे सुमारे ३ मि.ली. १:२,००,००० मध्ये मि.ली.ला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ८ मि.ली. एका खालच्या दाढेला दोन ते तीन मि.ली. पुरतात. सुई रक्तवाहिनीत नाही ना हे मागे ओढून पाहायचं आणि औषध सावकाश सोडायचं. ॲड्रेनालिन वगळलं तर भूल लवकर उतरते, माणसाला दुखतं, आणि दुखलं की त्याचं स्वतःचं शरीर सुईतल्यापेक्षा कितीतरी जास्त ॲड्रेनालिन सोडतं. प्रोप्रॅनोलॉल (बीपी, धडधड यांसाठीची गोळी) घेणारे आणि थायरॉईडचं हार्मोन जास्त बनण्याचा आजार काबूत नसलेले रुग्ण हे अपवाद. तिथे हात खरोखरच आखडता घ्यावा लागतो.

एक बारीक गोष्ट. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि बीपीसाठी ॲम्लोडिपिन अशी जोडी असेल तर काम संपल्यावर झटकन उभं राहू नये. खुर्ची सरळ करून दोन-तीन मिनिटं बसू द्यायचं, मग पाय खाली. भूल, इंजेक्शन, दाढ सगळं सुरळीत पार पडून माणूस दारात भोवळ येऊन पडतो, तो असा. ॲम्लोडिपिनचा आणखी एक गुण म्हणजे काहींच्या हिरड्या त्याने फुगतात, दातांवर चढतात, आणि त्या कपारींत पू साठतो. सासऱ्यांच्या हिरड्या सगळीकडे जाड दिसत असतील तर हे फिजिशियनच्या कानावर घाला. बदलून देण्यासारखी दुसरी औषधं आहेत.

आता ती चिठ्ठी. "पेशंट दाढ काढण्यास फिट आहे" एवढंच लिहिलेली चिठ्ठी कुणाच्याच कामाची नाही. दोष बहुधा विचारणाऱ्याचा असतो, कारण त्याने "कृपया फिटनेस द्यावा" इतकंच लिहिलेलं असतं. फिजिशियनला दाढ काढणं म्हणजे किती रक्त, किती वेळ, कोणतं औषध, याचा अंदाज नसतो, म्हणून तो सुरक्षित वाटणारा सल्ला देतो: पाच दिवस गोळी बंद. दंतवैद्यांना सांगा की चिठ्ठीत असं लिहा: खालची एक दाढ, जागेवरच्या भुलीत, साधारण अर्ध्या तासाचं काम, रक्तस्राव थोडा आणि जागेवर थांबवता येण्यासारखा, ॲड्रेनालिन ०.०४ मिलिग्रॅमच्या आत. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल न थांबवता काढण्याचा विचार आहे, हरकत आहे का. गेल्या दोन महिन्यांत छातीत दुखणं, धाप, पायांवर सूज आहे का. शुगर २८६ आहे, औषधांत बदल हवा का. असं विचारलं की उत्तरही दोन ओळींत आणि कामाचं येतं. तरीही "पाच दिवस बंद" असं आलं तर दंतवैद्यांनी फोन उचलून बोलावं. कागदावर वाद घालू नये, आणि तुम्हाला दोघांच्या मधे ये-जा करायला लावू नये.

स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना दाढ काढण्याआधी हृदयासाठी म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. लागतं ते कृत्रिम झडप असणाऱ्यांना, झडपांचा जंतुसंसर्ग आधी होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोष असणाऱ्यांना. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही यादी आखडती केली, आणि २०२१ मध्ये पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठीच्या पर्यायांतून क्लिंडामायसिन काढून टाकलं. मोठ्यांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, कामाआधी अर्धा ते एक तास, एकदाच. पाच दिवसांचा कोर्स नव्हे. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण आपल्या भागात अजून भेटतात. त्यांच्याबाबत त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्यावं.

हाडांच्या औषधांचं वर आलंच. ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब यांनी हाड झिजायचं थांबतं, पण त्याबरोबर दुरुस्तीही मंदावते. दाढ काढल्यावर खड्डा भरतच नाही, हाड उघडं पडतं, आठ-आठ आठवडे तसंच राहतं. याची पहिली नोंद २००३ मध्ये झाली. ठिसूळ हाडांसाठी घेणाऱ्यांत हे हजारात एकापेक्षाही कमी घडतं, तेव्हा घाबरून औषध सोडू नये. डेनोसुमॅब एकदम सोडलं तर मणके मोडण्याचा धोका असतो. कर्करोगासाठी दर महिन्याला सलाईन घेणाऱ्यांत धोका कितीतरी जास्त. तिथे दाढ काढण्याऐवजी रूट कॅनाल करून मूळ तसंच ठेवणं शहाणपणाचं. घरात कुणाला असं औषध सुरू होणार असेल तर त्याआधी दात दाखवून घ्या. तोंडाच्या कर्करोगाला शेक (रेडिएशन) द्यायचा असेल तेव्हाही तसंच: वाईट दात शेक सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी निघालेले हवेत, कारण शेक बसलेलं जबड्याचं हाड नंतर आयुष्यभर नाजूक राहतं. गुटख्याने तोंड न उघडणाऱ्यांची संख्या पाहता हा सल्ला माळव्यात वारंवार द्यावा लागतो.

बाकीचं भराभर. डायलिसिसवर असणाऱ्यांचं काम डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, आणि बीपीचा पट्टा फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर नको. दमेकऱ्याने पंप खिशात आणावा. फिटचा आजार असेल तर सकाळची गोळी चुकवू नये. गरोदरपणात मधले तीन महिने सोयीचे, पण पू असेल तर महिने मोजत बसायचं नाही, लिग्नोकेन चालतं. पावसाळ्यानंतर डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्याची सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) पाहिल्याशिवाय दाढेला हात लावू नये. एचआयव्ही किंवा कावीळ ब, क असेल तर लपवू नका. प्रत्येक रुग्णासाठी उपकरणं त्याच पद्धतीने निर्जंतुक होतात, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

उलट बाजूही असते, दात दाखवायला आलेल्याचा आजार तोंडात आधी सापडण्याची. डाव्या खालच्या जबड्यात जिना चढताना दुखतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत जातं, आणि त्या बाजूला एकही दात ठोकून दुखत नाही: तो दात नाही, हृदय असू शकतं. सासऱ्यांची डावी दाढ हलते आहे, पू आहे, म्हणजे कारण समोर आहे. तरी चालताना दुखतं का एवढं विचाराच. दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजून रक्त यायला लागलं आणि चेहरा पांढरा पडला तर दात साफ करण्याआधी सीबीसी, कारण तो रक्ताचा कर्करोग असू शकतो. मधुमेह्याचे वरचे तीन-चार दात एकाएकी हलायला लागले, गाल बधिर झाला, नाकातून काळपट यायला लागलं, तर तो काळ्या बुरशीचा संशय. २०२१ च्या उन्हाळ्यात एम. वाय. मध्ये त्यासाठी वेगळे वॉर्ड उघडावे लागले होते. अशा रुग्णाचा हलणारा दात काढून घरी पाठवणं ही जिवावर बेतणारी चूक ठरते.

शेवटी काढण्याच्या दिवसाबद्दल. सोमवार ते गुरुवारमधला दिवस घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा असतो. कुणीतरी बरोबर जा. घरी आल्यावर २४ तास चूळ भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, गरम चहा नाही, तंबाखू नाही. खड्ड्यात हळद, लवंगतेल, मिश्री काही भरू नका. दाढ काढली की आइस्क्रीम, हा सल्ला मधुमेह्याला देऊ नका. मऊ भात, गार वरण, ताक, दही द्या, आणि दुपारचं जेवण चुकू देऊ नका, कारण सकाळची गोळी पोटात आहे. रात्री उशी एक जास्त. उशीवर गुलाबी डाग पडतील, ती रक्त मिसळलेली लाळ असते, चमचाभर रक्त वाटीभर दिसतं. तोंडात लालभडक रक्त पुन्हा पुन्हा भरत असेल तर त्यांना उठवून ताठ बसवा, स्वच्छ सुती कापडाची घट्ट घडी ओली करून नेमकी खड्ड्यावर ठेवा आणि घड्याळ लावून अर्धा तास चावायला सांगा. तसं दोनदा करूनही थांबलं नाही तर रात्र कितीही झाली असली तरी दंतवैद्यांना फोन करून आपत्कालीन विभाग गाठा, आणि निघताना ती गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.